बायकांचा हार्ट अटॅक: लक्षणं कुठे वेगळी असतात आणि उशीर कुठे होतो

कर्णिका

"बायकांना हार्ट अटॅक येतो तेव्हा छातीत दुखत नाही" असा मजकूर अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण वाक्य चुकीचं आहे. ते वाचलेल्या बाईच्या छातीवर उद्या दडपण आलं तर ती म्हणेल, "बायकांचं असं नसतं म्हणे, म्हणजे हे पित्तच." म्हणून हा धागा काढतेय.

छातीतला त्रास हे स्त्री-पुरुष दोघांचंही पहिल्या क्रमांकाचं लक्षण आहे. अमेरिकेत १८ ते ५५ वयाच्या रुग्णांवर 'व्हर्गो' नावाचा मोठा अभ्यास झाला. रुग्णांची मुलाखत घेऊन विचारल्यावर ८७ टक्के स्त्रियांनी आणि ८९.५ टक्के पुरुषांनी छातीत दुखणं, दडपण किंवा आवळल्यासारखं होणं सांगितलं. फरक जवळजवळ नाहीच. फरक पुढे आहे: छातीखेरीज आणखी तीन किंवा जास्त लक्षणं असणाऱ्या स्त्रिया ६२ टक्के होत्या, पुरुष ५५ टक्के. म्हणजे बाईच्या बाबतीत छातीतला त्रास असतो, पण तो धाप, मळमळ, पाठदुखी, जबडा, थकवा या गर्दीत बुडून जातो.

अमेरिकेतल्याच १९९४ ते २००६ या काळातल्या अकरा लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदींत मात्र छातीत न दुखता आलेल्या स्त्रिया ४२ टक्के आणि पुरुष ३१ टक्के आहेत. हा आकडाही फिरतो. त्या नोंदींतल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी सातेक वर्षांनी मोठ्या होत्या, आणि वय वाढतं तसं छातीत न दुखण्याचं प्रमाण दोघांतही वाढतं. दोन्ही आकडे खरे आहेत, माणसं वेगळी आहेत.

इथे डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, औषधवाले बरेच आहेत. आपापल्या कामातलं नेमकं लिहा.

चाफा

प्रश्न सरळ विचारते. घरी बसलेल्या माणसाने पित्त की हृदय हे ओळखायचं कसं? दोन्हीत जळजळ, दोन्हीत मळमळ, दोन्हीत ढेकर.

कर्णिका

चाफा, शंभर टक्के ओळखता येत नाही, आणि घरी ते ओळखत बसायचंही नाही. तरी संशय कधी घ्यायचा ते सांगते.

त्रास बेंबीच्या वर ते जबड्याच्या खाली कुठेही असेल, म्हणजे पोटाचा वरचा भाग, छातीचा मध्य, दोन्ही खांद्यांच्या मधली पाठ, मान, गळा, खालचा जबडा, एक किंवा दोन्ही हात, आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरत नसेल, तर तो हृदयाचा समजून वागायचं. त्यात थंड, चिकट घाम, चेहरा पांढरा पडणं, बोलताना धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी यातलं एक जरी असलं तर पंधरा मिनिटंही थांबायचं नाही.

जेलुसिलने बरं वाटलं म्हणून हृदय सुटत नाही. हृदयाची कळ आपोआपही कमी-जास्त होते, आणि नेमकी त्याच वेळी गोळी घेतलेली असते. उलट सॉर्बिट्रेटने, म्हणजे जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळीने, बरं वाटलं म्हणून हृदयच आहे असंही नाही, अन्ननलिका आवळली असेल तर तीही त्याच गोळीने सैल होते.

रजोनिवृत्तीच्या वयात घामाचा घोळ होतो. हॉट फ्लशमध्ये अंग तापतं, चेहरा लाल होतो, दोन-चार मिनिटांत लाट ओसरते. हृदयाच्या घामात अंग गार लागतं, रंग उतरतो आणि घाम पुसला तरी पुन्हा येतो.

रातपाळी

आयसीयूतली सिस्टर म्हणून विचारण्याच्या पद्धतीवर लिहिते, कारण निम्मी चूक तिथे होते.

"छातीत दुखतंय का?" असं विचारलं की कितीतरी बायका प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. त्यांना दुखत नसतंच. त्यांना भरून आलेलं असतं, जड वाटत असतं, ब्लाउज अचानक घट्ट झाल्यासारखा वाटत असतो, जीव घाबरा होत असतो. केसपेपरवर "छातीत वेदना नाही" असं लिहिलं जातं आणि तिथून पुढे सगळे पोटाच्या मागे लागतात. म्हणून असं विचारायचं: छातीवर काही ठेवल्यासारखं वाटतंय का? आवळतंय का? पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये भरलंय का? खालच्या दातांत, जबड्यात ओढ लागतेय का? जिना चढताना किंवा कळशी उचलताना हेच वाढतं का? या दोन आठवड्यांत नेहमीचं काम करताना मधेच बसावं लागायला लागलं आहे का?

शेवटचा प्रश्न सोडू नका. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना मागचं विचारलेला २००३ सालचा अभ्यास आहे. आधीच्या काळात वेगळाच थकवा ७१ टक्क्यांना होता, झोपमोड ४८ टक्क्यांना, धाप ४२ टक्क्यांना. आता थकवा कोणाला नसतो, त्यामुळे नुसत्या थकव्यावरून काही ठरत नाही. पण कालपर्यंत पाण्याच्या दोन घागरी सहज आणणारी बाई आज एका घागरीत खाली बसते, हा बदल महत्त्वाचा. बदलाची तारीख विचारा आणि केसपेपरवर लिहा.

दुसरं, सोबत आलेले नातेवाईक बाईच्या वतीने बोलतात. "टेन्शन घेते हो ती, उपास होता काल." त्यांचं ऐका, पण तिला स्वतःच्या तोंडून बोलू द्या.

तालुका_डॉक्टर

रातपाळी सिस्टर, अगदी बरोबर. आणि दोष फक्त घरच्यांचा नाही, आमचाही आहे. वर उल्लेख केलेल्या व्हर्गोमध्येच अ‍ॅडमिट होण्याआधी कुणा ना कुणा डॉक्टरांना दाखवून आलेल्या स्त्रिया ३० टक्के होत्या, पुरुष २२ टक्के. म्हणजे बायका दाखवत नाहीत हा समज खोटा. त्यातल्या ५३ टक्के स्त्रियांनी सांगितलं की डॉक्टरांना तो त्रास हृदयाचा वाटला नव्हता, पुरुषांमध्ये ३७ टक्क्यांनी. पॅन्टोप्राझोलचं, म्हणजे पित्ताचं इंजेक्शन आणि घरी.

ईसीजीसाठी नियम एकच ठेवा. तिशी ओलांडलेली बाई बेंबी ते जबडा या पट्ट्यातला नवा त्रास, नवी धाप किंवा कारण नसलेला घाम घेऊन आली की दहा मिनिटांत ईसीजी. पित्त आहे असं पक्कं वाटत असलं तरी. कागदाची पट्टी स्वस्त आहे.

२०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी "अ‍ॅटिपिकल चेस्ट पेन" हा शब्द वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. हृदयाचं, हृदयाचं असू शकेल, हृदयाचं नाही, असं तीनांतलं एक लिहायचं. अ‍ॅटिपिकल लिहिलं की पुढचा माणूस निश्चिंत होतो, आणि हा शिक्का बायकांवर जास्त बसतो.

लीड_व्ही४

ईसीजी दहा मिनिटांत काढला, पण चुकीचा काढला तर? मी टेक्निशियन आहे, बायकांच्या ईसीजीत हमखास होणाऱ्या चुका सांगतो.

छातीवर व्ही१ ते व्ही६ असे सहा इलेक्ट्रोड लागतात. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडी-फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला. ब्लाउज पूर्ण उघडायला संकोच वाटतो म्हणून ते वर, दुसऱ्या-तिसऱ्या फटीत चिकटवले जातात. मग पुढच्या लीडमध्ये, म्हणजे त्या इलेक्ट्रोडच्या नोंदींत, आर लाट (आलेखाचं वर जाणारं टोक) वाढतच नाही आणि जुना अटॅक असल्यासारखी पट्टी निघते. हाडावर बोट फिरवत या, वरून पहिला जो आडवा उंचवटा लागतो तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची फट दुसरी. तिथून दोन फटी खाली मोजा.

व्ही४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून सरळ खाली. व्ही५ आणि व्ही६ त्याच आडव्या रेषेत काखेकडे. स्तन असेल तर तो हाताच्या मागच्या बाजूने उचलून इलेक्ट्रोड खाली लावायचा, वर नाही. तळहाताने उचलायचं नाही. आधी सांगायचं, मग हात लावायचा, आणि सोबत एक बाई माणूस हवंच. पुढचे हूक सोडून, ब्रा सैल करून, वरून ओढणी किंवा चादर टाकली की काम दोन मिनिटांत नीट होतं. ब्लाउजखाली आंधळेपणाने हात घालून लावलेले इलेक्ट्रोड कुठे बसले ते नंतर कुणालाच कळत नाही.

पावडर, तेल असेल तर स्पिरिटने पुसून घ्या. मंगळसूत्र, बांगड्या काढायची गरज नाही, इलेक्ट्रोडला धातू टेकू देऊ नका म्हणजे झालं.

यंत्रात वय आणि लिंग भरा. मोकळं सोडू नका. व्ही२-व्ही३ मध्ये एसटी (आलेखात टोकानंतरचा भाग) किती वर उचलला की स्टेमी, म्हणजे शीर पूर्ण अडल्याचा अटॅक, म्हणायचं याची मर्यादा वेगळी आहे: चाळिशीच्या आतल्या पुरुषात २.५ मिमी, चाळीस आणि पुढच्या पुरुषात २ मिमी, आणि स्त्रीत कुठल्याही वयात १.५ मिमी. पुरुषाची मर्यादा लावून बाईचा १.७ मिमी "नॉर्मल" ठरवणं ही नेहमी होणारी चूक आहे. बाकीच्या लीडमध्ये दोघांनाही १ मिमी, लगतच्या दोन लीडमध्ये.

पहिली पट्टी साफ आणि त्रास चालूच असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली दबलेला दिसला तर पाठीवर व्ही७, व्ही८, व्ही९ लावा, तिथे अर्धा मिमी पुरतो.

चाफा

लीड_व्ही४, इतकं तपशिलात कुणी सांगत नाही. धन्यवाद. ट्रोपोनिनचंही, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचंही, असंच स्त्री-पुरुष वेगळं असतं का?

तालुका_डॉक्टर

असतं. एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आय चाचणीत वरची मर्यादा स्त्रियांसाठी १६ आणि पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. लॅबच्या रिपोर्टवर एकच सामाईक मर्यादा छापलेली असेल तर २२ आलेल्या बाईच्या आकड्यापुढे ठळक खूण येतच नाही. कंपनी बदलली की आकडे बदलतात, म्हणून आपल्या लॅबला त्यांच्या किटची स्त्रियांची मर्यादा विचारून घ्या.

छोट्या दवाखान्यात कार्ड टेस्ट असते, एक रेघ की दोन रेघा. त्रास सुरू होऊन तीन-चार तास व्हायच्या आत ती निगेटिव्ह आली तर तिला काही अर्थ नाही. पुन्हा करावी लागते. आणि पट्टीवर एसटी उचललेला असेल तर ट्रोपोनिनसाठी थांबणं म्हणजे स्नायू मरू देणं. तिथे गुठळी विरघळवणारं औषध (थ्रॉम्बोलिसिस) किंवा अँजिओप्लास्टी, लगेच.

निदान झाल्यापासून १२० मिनिटांत कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायच्या खोलीत) अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर तिकडे. होत नसेल तर जागेवरच थ्रॉम्बोलिसिस करून मग पुढे पाठवा. त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत देतात, पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा सर्वांत जास्त.

बायकांच्या बाबतीत इथे तीन गोष्टी चुकतात. एक, वजन अंदाजाने लिहितात. टेनेक्टेप्लेज (हे गुठळी विरघळवणारं औषध) ६० किलोच्या आत ३० मिग्रॅ, मग दर दहा किलोला ५ मिग्रॅ वाढवत ९० आणि पुढे ५० मिग्रॅ. ५२ किलोच्या बाईला "साठ-पासष्ट असेल" म्हणून ३५ दिलं तर रक्तस्रावाच्या दिशेने गेलो, कारण औषध तेच असलं तरी स्त्रियांत रक्तस्राव मुळातच जास्त होतो. काटा बेडपाशी आणा. दोन, वय ७५ च्या पुढे असेल तर टेनेक्टेप्लेज निम्मं. तीन, पाळी चालू आहे म्हणून औषध नाकारतात. नेहमीची पाळी ही थ्रॉम्बोलिसिसला अडचण नाही. गरोदरपण ही वेगळी गोष्ट, तिथे वरिष्ठांना फोन.

दवादुकान

काउंटरवर रोज येणारा प्रश्न: घरी कुठली गोळी ठेवायची?

अ‍ॅस्पिरिन. ३०० ते ३२५ मिग्रॅ, चावून. पाण्यात विरघळणारी साधी गोळी असेल तर उत्तम. हृदयरुग्णांकडे घरात ७५ किंवा १५० ची आतड्यात विरघळणारी, वरून लेप असलेली गोळी असते. ती गिळली तर पोटातून पुढे जाईपर्यंत कामच करत नाही, म्हणून १५० च्या दोन किंवा ७५ च्या चार नीट चावून खायच्या. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल या कामाची नाही.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, काळी शी किंवा रक्ताची उलटी, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यातलं काही असेल तर देऊ नका.

आणि कृपा करून पाठ-जबडा दुखतोय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन अशी वेदनाशामकं देऊ नका. बायकांच्या बाबतीत हे फार होतं, कारण तक्रारच पाठीची असते. हार्ट अटॅकमध्ये ही औषधं नुकसान करतात आणि अ‍ॅस्पिरिनच्या कामातही आड येतात.

सह्याद्री_वारा

सॉर्बिट्रेट राहिलं की. सगळे जिभेखाली ठेवा म्हणतात.

तालुका_डॉक्टर

सह्याद्री_वारा, इथे मी ठाम आहे: डॉक्टरांनी आधी लिहून दिली नसेल तर घरच्या घरी ठेवू नका. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असेल आणि त्यात उजव्या कप्प्यालाही इजा झाली असेल तर या गोळीने बीपी धाडकन उतरतं. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्येच मळमळ-उलटी जास्त असते, म्हणजे ज्या बाईला "पित्त" वाटतंय तिलाच धोका जास्त. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर नाहीच. २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतलेल्यालाही नाही. हे दुसरं बायकांना लागू होत नाही असं समजू नका, फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी त्यांनाही हीच औषधं देतात.

दवादुकान

थोडा मतभेद नोंदवतो. ज्यांना एन्जायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून येणारी कळ, असल्याचं आधीच माहीत आहे आणि गोळी लिहून दिलेली आहे, त्यांनी घाबरून ती टाळू नये. बसून, ५ मिग्रॅ जिभेखाली. उभ्याने नाही, चक्कर येऊन पडतात. पाच मिनिटांत उतरलं नाही की १०८.

तालुका_डॉक्टर

मान्य. लिहून दिलेली असेल तर असंच.

रातपाळी

१०८ वर पहिलं वाक्य काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. "गॅस झालाय, बरं वाटत नाही" असं सांगू नका. "वय ५६, बाई, अर्ध्या तासापासून छातीवर दडपण, गार घाम, शुगर आहे," आणि मग पत्ता, जवळची खूण. गाडी येईपर्यंत पाठीला टेकून बसवा. जिना उतरवताना चालवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. स्वतः स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. जोरजोरात खोकून अटॅक थांबतो हाही फिरणारा मजकूर खोटा आहे.

शुद्ध हरपली आणि श्वास नीट नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. छातीच्या मध्यावर, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटीमीटर खोल. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या बाईला हात लावायला लोक कचरतात आणि पुरुषांपेक्षा कमी स्त्रियांना वेळेत सीपीआर मिळतो, हे परदेशातल्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. साडीचा पदर बाजूला करून हात मध्यावर ठेवा, तिथे लाज धरण्याची वेळ नाही. एईडी (शॉक देणारं छोटं यंत्र) असेल तर एक पॅड उजव्या गळपट्टीखाली, दुसरा डाव्या स्तनाच्या खाली बाहेरच्या बाजूला, काखेच्या रेषेत. स्तनावर नाही. मंगळसूत्र तोडत बसू नका, बाजूला सरकवा. पॅड दागिन्यावर चिकटता कामा नये.

चाफा

अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणजे अटॅक नव्हताच असं समजायचं का? बायकांच्या बाबतीत हे बरेचदा ऐकू येतं.

कर्णिका

नाही. ट्रोपोनिन वर-खाली झालं, लक्षणं होती, तर इजा झालेली आहे. शिरा मोकळ्या दिसल्या तरी. अटॅकच्या साधारण सहा टक्के रुग्णांत अर्ध्याहून जास्त अडलेली शीर सापडत नाही, आणि त्यात स्त्रियांचा वाटा जास्त.

कारणं निरनिराळी असतात. पुरुषात नेहमीची गोष्ट म्हणजे चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी. स्त्रियांत, त्यातही धूम्रपान करणाऱ्या तरुण स्त्रियांत, थर न फुटता वरचा पापुद्रा खरवडून गुठळी होण्याचं प्रमाण जास्त. ती विरघळली की शीर पुन्हा मोकळी दिसते. काहींची शीर आवळून येते. काहींच्या अगदी बारीक शिरांतच बिघाड असतो, ज्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. ताकोत्सुबोमध्ये, म्हणजे मोठ्या मानसिक किंवा शारीरिक धक्क्यानंतर हृदयाचं टोक फुगतं तेव्हा, दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक रजोनिवृत्तीनंतरच्या. पट्टी आणि लक्षणं हुबेहूब अटॅकची, म्हणून अँजिओग्राफी केल्याशिवाय वेगळं करता येत नाही.

"नॉर्मल अँजिओ" लिहिलेला कागद हातात आला तर विचारा: कारण काय धरलं? इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) भिंतीची हालचाल कशी आहे? हृदयाचा एमआरआय करायचा का, आणि करायचा तर दोन आठवड्यांच्या आत होईल का? कारण ठरेपर्यंत गोळ्या मनाने बंद करू नका.

लीड_व्ही४

ट्रेडमिल टेस्टवर एक ओळ: बायकांत ती खोटी पॉझिटिव्ह जास्त येते. एकट्या तिच्यावर निर्णय न घेता स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओ विचारा.

तालुका_डॉक्टर

धोका कोणाला, हे विचारतानाही बायकांसाठी यादी थोडी वाढवावी लागते. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, घरातला इतिहास हे आहेच. शिवाय: गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, शुगर होती का? पाळी चाळिशीच्या आत गेली का? गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं का? सांधेवात किंवा ल्युपस आहे का? हे प्रश्न प्रसूतीच्या कागदापुरते राहतात आणि वीस वर्षांनी कुणी विचारत नाही.

आणि आपल्याकडे एक खास. "तंबाखू खाता का?" याला गावाकडच्या बाईचं उत्तर "छे!" असतं. "मशेरी लावता का?" याला "हो, सकाळ-संध्याकाळ." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती तिच्या लेखी दातांसाठी असते. म्हणून नाव घेऊन विचारा. चुलीच्या धुराचंही विचारा.

वयाबद्दल: स्त्रियांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षांनी उशिरा येतो, हे २००४ च्या ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. पण त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ होतं, इतरांचं ५९. त्यामुळे "अजून पाळी चालू आहे, हृदयाचं कसं असेल" हा आधार आपल्याकडे फार कच्चा आहे. शुगर असेल तर तो आधार उरतच नाही.

चाफा

शेवटचा प्रश्न. बाळंतपणानंतर पंधरा-वीस दिवसांत छातीत दुखलं तर? सगळे "वारा लागला" म्हणून शेक देतात.

कर्णिका

शेक देण्याआधी ईसीजी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या शिरेचा आतला थर आपोआप सुटून रक्ताची वाट अडण्याचा प्रकार होतो. त्याला स्कॅड म्हणतात. या काळातल्या हार्ट अटॅकचं ते सर्वांत मोठं कारण आहे. बहुतेकींना शुगर-बीपी काही नसतं, वय तिशीचं, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

याच वेळी फुप्फुसात गुठळी जाणं आणि बाळंतपणानंतर हृदय कमजोर होणं हेही असू शकतं. म्हणून ईसीजी, ट्रोपोनिन, ऑक्सिजन आणि इको हे चारही बघायचे. पाठीवर झोपल्यावर धाप वाढते का, एका पायाला सूज आहे का, हे सांगा.

स्कॅडमध्ये थ्रॉम्बोलिसिस शक्यतो टाळतात, कारण सुटलेल्या थरात आणखी रक्त शिरू शकतं, आणि स्टेंटही घाईने टाकत नाहीत. शीर बहुतेक वेळा काही आठवड्यांत स्वतः भरून येते. म्हणून या बाईला शक्य असेल तर थेट कॅथलॅब असलेल्या ठिकाणी न्या, आणि दारातच पहिलं वाक्य सांगा: "बाळंतपण होऊन इतके दिवस झाले." स्तनपान चालू आहे हेही सांगा, त्यावरून पुढची औषधं ठरतात.